एकोणीस नंबर गैरहजर

पुलाच्या अलीकडे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सतरा कोण गं?"

धाकटीने त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. "सतरा म्हणजे घड्याळवाल्याची मुलगी. पुढच्या दोन दातांत फट होती ती."

"हां, फटवाली. तिला स म्हणायला लावलं की शिट्टी वाजायची. अठरा?"

"पोस्टमनचा मुलगा. नाक पुसायला रुमाल असायचा, पण पुसायचा बाहीने."

"एकोणीस मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तो सांगू नकोस. वीस तू."

"वीस मी."

"चल मग. सावली जाईल."

घरातून निघून दीड तास झाला होता आणि कालव्याच्या काठाची ही वाट अजून अर्धीच सरली होती. धाकटी एकटी असती तर एव्हाना जाऊन परत आली असती. पण बाईंचं वय एक्याऐंशी होतं आणि त्यांना दर शंभर पावलांवर उभं राहावं लागत होतं. उभ्या राहिल्या की त्या जुन्या वर्गाची हजेरी घ्यायच्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा पहिलीचा वर्ग, बेचाळीस मुलं. दुसऱ्या बायका या वयात देवाचं नाव घेतात. बाईही घ्यायच्या, पण सकाळी एकदाच. दिवसभराचा जप हा असा बेचाळीस मण्यांचा होता, आणि अलीकडे त्यातले मणी गळायला लागले होते.

सकाळी निघताना थोरल्या सुनेने कपाळाला हात लावला होता. "बस दारावरून जाते, आणि या दोघी चालत निघाल्या! म्हातारपणी पाय मोडून घेतला तर कोण निस्तरणार? बाईंचं एक ठीक आहे, पण तुझं डोकं कुठे चरायला गेलंय?"

"बसमध्ये बसलं की मी कुठे निघाले तेच डोक्यातून उतरतं," बाईंनीच उत्तर दिलं होतं. "पाय चालू असले की डोकंही चालू राहतं. आणि आज मला डोकं लागणार आहे."

कशाला लागणार आहे ते थोरलीला ठाऊक नव्हतं. ते फक्त धाकटीला ठाऊक होतं.

बाईंना घरीदारी सगळे बाईच म्हणत. त्यांची मुलंसुद्धा. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो ऐन पस्तिशीत तापाने गेला. तिसाव्या वर्षी बाईंच्या पदरात तीन मुलं होती. पुढच्याच वर्षी जाऊ वारली आणि दीर दूरच्या नोकरीवर निघून गेला, तेव्हा त्याची दोन मुलंही याच पदरात आली. घरात पाच, वर्गात बेचाळीस. आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली हे बाईंनी कधी वेगळं केलं नाही. पाचांचीही नखं रविवारी एकाच कात्रीने कापली जायची आणि पाचांनाही धपाटा एकाच मापाचा मिळायचा.

घर शाळेसारखं चालायचं. वसतिगृहात गेलेल्या मुलाने पत्र पाठवलं की बाई ते वाचायच्या, डोळे पुसायच्या आणि लाल पेन्सिलीने चुका दाखवून उलट टपाली परत पाठवायच्या. पुढे सुना आल्या, तशी भांडणं आली. बाईंनी नियम काढला, की तक्रार तोंडी ऐकली जाणार नाही, लेखी आणा. थोरलीने एकदा रागारागाने पानभर लिहून आणलं. बाईंनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "मुद्दाममधला मु ऱ्हस्व असतो. तू दीर्घ काढला आहेस. धाकटीने एवढं लांबलचक काही केलेलं नाही." थोरली आधी फणफणली, मग तिलाच हसू फुटलं. त्या घरातली किती भांडणं नुसत्या शुद्धलेखनाच्या धाकाने लिहिलीच गेली नाहीत, त्याला गणती नाही.

धाकटी तर त्यांची विद्यार्थिनीच. लग्न होऊन पहिल्या दिवशी ती खोलीत बसली होती. सासूबाई आत आल्या तशी ही ताडकन उठून उभी राहिली आणि हात मागे बांधले. बाई म्हणाल्या, "बस खाली, वीस नंबर." सगळं घर खो खो हसलं. तिला पुढे बाईंना आई म्हणणं जमलंच नाही, आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही.

बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या गेल्या त्या दिवशी कोणी न सांगता माणसं अंगणात ओळ करून उभी राहिली होती. पन्नाशी-साठीची माणसं, पण ओळ सरळ. कोणीतरी मागून ढकललं तर पुढचा वळून कुजबुजला, "अरे, बाई बघतील." आणि तो बोलला तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं, की आता त्या बघणार नाहीत. धाकटी तेव्हाही रडली नाही. तिचं रडू त्या कालव्याच्या वाटेवर आधीच सुरू झालं होतं, आणि ते दोन वर्षांनंतरही आटलेलं नाही.

बाईंच्या विसरण्याची सुरुवात वर्तमानपत्रापासून झाली होती. निवृत्त झाल्यापासून बाई रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन पेपर तपासायच्या. कुठे वेलांटी चुकली, कुठे काना सुटला, की त्या अक्षराखाली एक टिंब. चुकीवर काट मारायची नाही, नुसतं टिंब द्यायचं, म्हणजे चूक करणाऱ्याला ती आपली आपण सापडते. पेपरवाले कधीच आपली चूक शोधायला आले नाहीत, पण बाईंनी नेम सोडला नाही. मग एके दिवशी धाकटीने रद्दीत घालायला पेपर उचलला आणि ती बघतच राहिली. पानभर टिंबं होती, आणि ज्या शब्दांखाली होती ते सगळे शब्द बरोबर होते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाहेर बोलावून सांगितलं, की हे थांबणार नाही, हळू होईल फार तर. बाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवासमोरून उठून सरळ स्वयंपाकघरात आल्या. "धाकटे," त्या म्हणाल्या, "मला एकाची माफी मागायची आहे. कशाबद्दल ते आठवतंय तोवर मागायला हवी. नंतर मागितली तर ती माफी नव्हे, नुसती बडबड."

तो एक म्हणजे एकोणीस नंबर.

हजेरीच्या बाबतीत बाईंची शिस्त कडक होती. नंबर एकदाच पुकारायचा. "दुसऱ्यांदा पुकारायला मी स्टेशनवरचा हमाल नाही," असं त्या म्हणायच्या. ज्याने ओ दिली नाही तो गैरहजर, मग तो समोर बाकावर बसलेला का असेना. या प्रकाराला त्यांनी नावही ठेवलं होतं: असून गैरहजर. मुलं घाबरून असायची. आपला नंबर जवळ आला की आवंढा गिळून तयार बसायची. एकोणीस नंबर तेवढा खुशाल खिडकीबाहेर बघत असायचा. बाई पुकारायच्या, "एकोणीस!" आणि तो हूं की चूं करायचा नाही. बाईंची खात्री झाली, की मुलगा उद्धट आहे. समोर बघून सांगितलं की बरोबर लिहायचा आणि फळ्याकडे वळून सांगितलं की पाटी कोरी, म्हणजे लबाडही आहे. "दगडाला पाझर फुटेल, पण याला नाही," असं त्या एकदा चारचौघांत म्हणाल्या आणि मुलांनी त्याचं नाव दगड ठेवलं.

वर्षाअखेर त्याचे हजेरीचे दिवस भरले नाहीत. बेचाळिसातला तोच एक पहिलीत राहिला. पुढच्या वर्षी तेच झालं. त्याचा बाप लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. तो टोपी हातात धरून शाळेत आला, तेव्हा बाईंनी स्पष्ट सांगितलं, "मुलगा डोक्याने मंद आहे, आणि वर ताठा आहे." बाप बरं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा वखारीत जायला लागला. आता मात्र तो खरोखरचा गैरहजर झाला.

त्यानंतर वीस वर्षांनी, निवृत्तीला थोडे दिवस उरलेले असताना, शाळेत मुलांची तपासणी करायला एक डॉक्टरीणबाई आल्या. एकेका मुलाच्या मागे उभं राहून त्या छोटी घंटी वाजवायच्या. एक मुलगी वळली नाही. परत वाजवली, तरी वळली नाही. "हिला ऐकू येत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या तोंडाकडे बघून शिकते. तुम्ही फळ्याकडे वळलात की हिची शाळा सुटते."

बाई मटकन खाली बसल्या. सगळ्यांना वाटलं, चक्कर आली.

एकोणीस नंबर त्याच वखारीत सुतार झाला आहे, हे त्यांनी आठवडाभरात शोधून काढलं. पण गेल्या नाहीत. आधी निवृत्तीचा समारंभ व्हायचा होता, मग मुलीचं लग्न, मग धाकटीचं बाळंतपण. आज नाही उद्या करता करता तेवीस वर्षं गेली. दुसऱ्याला चूक दाखवायला त्यांना कधी क्षणभर लागला नाही. स्वतःची दाखवायला एवढा वेळ लागला.

हे सगळं बाईंनी धाकटीला त्या सकाळी सांगितलं होतं. धाकटी कणीक मळत होती, ती मळतच राहिली. तिला या गोष्टीतलं आणखी एक माहीत होतं, जे बाईंना माहीत नव्हतं. ते तिने तेव्हाही सांगितलं नाही. त्या दिवशी कालव्याच्या वाटेवरही ती ते सांगायला तोंड उघडायची आणि हजेरीतला पुढचा नंबर सांगायची.

वखार आली तेव्हा ऊन चढलं होतं. करवतीचा आवाज एवढा, की दोघींना बोलणंच सोडावं लागलं. भुश्श्याच्या ढिगापलीकडे तो रंधा मारत उभा होता. पिकले केस, कानावर जाड पेन्सिल. बाकीच्या कामगारांनी कानांना फडकी बांधली होती. त्याच्या कानांवर काही नव्हतं. त्याने वर बघितलं. एक क्षण नुसता बघत राहिला, मग रंधा खाली ठेवला, बाहीने एक स्टूल स्वच्छ पुसलं आणि बाईंसमोर आणून ठेवलं.

"ओळखलं बरं का यांनी तुम्हाला!" त्याची बायको पदराला हात पुसत पुढे आली आणि बाईंच्या कानाशी ओरडली. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिच्याकडे होतं. "बसा, बाई. करवत थांबली की बोलू. तसंही यांना काही फरक पडत नाही."

बाजूच्या खांबावर एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूने फूट-इंच लिहिलेले होते. गिऱ्हाईक माप लिहून द्यायचं आणि तो ते वाचून फळी कापायचा. बाईंनी पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. इतका वेळ त्या वाटेत पुटपुटत होत्या, की ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगायचं कसं. त्यांनी खूण करून पाटी मागितली, फडक्याने पुसली, मांडीवर घेतली आणि लिहायला लागल्या.

धाकटी जीव मुठीत धरून बघत होती. गेल्या महिन्यात बाईंना स्वतःची सही जमली नव्हती. पण त्या दिवशी देव त्यांच्या हातावर हात ठेवून उभा असावा. चार ओळी, वळणदार, एक काना इकडचा तिकडे नाही.

मी तुला ओळखलं नाही.
तुला ऐकू येत नव्हतं.
चूक माझी होती, तुझी नाही.
मला क्षमा कर.

त्याने पाटी दोन्ही हातांत घेतली. पुष्कळ वेळ बघितली. वरून खाली बघितली, मग जरा तिरकी करून उजेडात धरली. मान डोलवली. मग कानावरची पेन्सिल काढली आणि जड, घोगऱ्या आवाजात बायकोला विचारलं,

"माप कुठंय?"

बायको ओशाळून परत कानाशी वाकली. "बाई, रागावू नका. त्यांना अक्षर येत नाही. आकडे तेवढे येतात, ते मीच शिकवले. मलाही पुढचं फारसं येत नाही. काय करून हवंय तुम्हाला? देव्हारा?"

आयुष्यभर ज्यांनी बोट धरून शेकड्यांनी मुलांना लिहायला शिकवलं, त्यांनी ज्या एकाला शिकवलं नाही नेमकी त्यालाच चिठ्ठी लिहिली होती. धाकटीला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगावी.

मग करवत थांबली. बाई स्टुलावरून उठल्या, त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर धरून बोलल्या. जिथे अडलं तिथे त्याच्या बायकोने हातांनी सांगितलं. तो एकटक बघत होता. शेवटी हसला आणि हातवारे करत, मध्येच एखादा शब्द टाकत बायकोला काहीतरी सांगत राहिला.

"ते म्हणतात, तुमची काय चूक? मीच ढ होतो. आमचे सासरे सांगायचे तसंच."

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही रे. ढ नव्हतास तू."

त्याला ते ओठांवरून कळलं, पण पटलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याने पोराची उगाच तारीफ करावी आणि बापाने संकोचून हसावं, तसा तो हसला. परत बायकोला खुणा केल्या.

"ते म्हणतात, एक दिवस तुम्ही खुर्चीत बसून वाघाची गोष्ट सांगितली होती. सगळ्यांकडे तोंड करून. ती सगळी कळली. वाघ शेवटी विहिरीत पडतो. आमच्या पोरांना त्यांनी तीच सांगितली, हातांनी. त्यांना ती एकच येते."

बाईंनी त्याचा भुश्श्याने भरलेला हात हातात घेतला. जे मागायला आल्या होत्या ते देण्यासारखं आपल्याकडे काही आहे, हेच त्या माणसाला माहीत नव्हतं.

निघताना त्याने पाटी पुसली नाही. खांबाला वरच्या बाजूला एक वेगळा खिळा होता, तिथे अडकवली. "माप आलं नाही अशी कामं तिथे राहतात," बायको म्हणाली. "तुम्ही सवडीने सांगा, बाई. तोवर ते पुसू देणार नाहीत कोणाला."

परतताना बाईंनी हजेरी घेतली नाही. पुलापाशी आल्यावर त्या कालव्याच्या पायरीवर बसल्या. धाकटीने पाण्याची बाटली दिली, तिचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"काय ते बोल," बाई म्हणाल्या. "झाकणाचा आटा जाईल."

"बाई, मी त्याच्या मागे बसायचे."

"वीस. मागेच बसणार."

"तुम्ही एकोणीस म्हटलं की मी त्याला पेन्सिल टोचायचे. मग तो उठून हजर म्हणायचा. तुम्ही एकदा बघितलंत. म्हणालात, त्याचं तोंड तू आहेस का? आणि मला पहिल्या बाकावर नेऊन बसवलंत." तिने झाकण पुन्हा फिरवलं. "त्यानंतर तो गैरहजर लागायला लागला."

बाई पाण्याकडे बघत होत्या. "तू का टोचायचीस?"

"त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, बाई. आम्ही मागून टाळ्या वाजवून बघायचो. तो वळायचा नाही."

"बेचाळिसातल्या एकेचाळिसांना माहीत," बाई हळूच म्हणाल्या. "मग मला का नाही सांगितलंत गं?"

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीतच असेल. बाईंना सगळंच माहीत असतं, असं वाटायचं. माहीत असून तुम्ही लिहिताय, तर त्याचंच काहीतरी चुकत असणार."

धाकटीला वाटलं होतं, बाई रागावतील. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. त्या हाताचं वजन किती कमी झालंय, हे धाकटीला तेव्हा कळलं. पुलावरून एक सायकलवाला गेला, त्याने बाईंना बघून घंटी वाजवली आणि उतरून नमस्कार केला. बाईंनी मान हलवली. तो कोण हे त्यांना आठवलं नव्हतं, धाकटीला दिसलं.

"मी सात वर्षांची होते, बाई. पण तेवीस वर्षांपूर्वी तुम्हाला कळलं, तेव्हा मी सात वर्षांची नव्हते. तेव्हाही बोलले नाही."

"मी तरी कुठे गेले?" बाई म्हणाल्या. "आपण दोघी सारख्याच."

मग त्या सरळ बसल्या. वर्गात नवा धडा सुरू करताना बसायच्या तशा.

"ऐक. पाटीवर चार ओळी आहेत. त्या कोणी वाचून दाखवायच्या नाहीत, त्याच्या बायकोनेही नाही आणि तूही नाही. त्या त्याने स्वतः वाचायच्या. तू त्याला शिकव."

"मी? मला कुठे शिकवता येतं, बाई? तो पन्नाशीचा माणूस..."

"पन्नाशीचाच आहे. तुला येतं. मीच शिकवलंय तुला. तोंड त्याच्याकडे ठेवून शिकव आणि घाई करू नकोस. एका दिवसाला एकच अक्षर." त्या थांबल्या, काहीतरी हरवल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि मग धाकटीचं मनगट घट्ट धरलं. "पण सुरुवात उद्याच कर. उद्या संध्याकाळी मला येऊन सांग, कुठलं अक्षर झालं ते. रोज सांग. मी एखाद्या दिवशी विचारेन, कोण गं हा एकोणीस नंबर? त्या दिवशीही जा. माझ्याशी वाद घालत बसू नकोस, नुसती जा."